भिक्षापात्राच्या दोन्ही बाजू

श्रोतेहो, नमस्कार.

आषाढी पौर्णिमा जवळ आली की मला थायलंडमधल्या चियांग माईची एक सकाळ आठवते. अजून नीट उजाडलेलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी एक बाई चटई टाकून बसली होती. शेजारी वाफाळणारा चिकट भात, केळीच्या पानात बांधलेलं काही गोड आणि रबरबँड लावून फुगवलेल्या पिशव्यांमध्ये रस्सा भाजी. समोरून एकामागे एक पाच भिक्खू आले, अनवाणी आणि नजर जमिनीवर ठेवून. बाईनं चपला काढल्या आणि प्रत्येकाच्या पात्रात थोडं थोडं घातलं. कुणी काही मागितलं नाही, कुणी आभार मानले नाहीत. ती गुडघ्यांवर बसून हात जोडत होती. भिक्खूंनी पालीत आशीर्वाद म्हटला, त्यातले शेवटचे शब्द मला ओळखता आले: आयु, वण्णो, सुखं, बलं, म्हणजे आयुष्य, कांती, सुख, बळ. मग तिनं एका लहान भांड्यातून पाण्याची धार सोडली. मिळालेलं पुण्य गेलेल्या माणसांच्या नावे करायची ही रीत आहे. आपल्याकडच्या तर्पणाची आठवण यावी अशीच.

आपल्या डोळ्यांना हे भिक्षा मागणं वाटतं. तिथे मात्र उपकार कुणी कुणावर केले, याचा हिशोब उलटा आहे. भिक्खू दारात आला म्हणून देणाऱ्याला पुण्य जोडायची संधी मिळाली, म्हणून हात देणाऱ्यानं जोडायचे. या एका गोष्टीतून थाई समाजातलं भिक्खूंचं स्थान जितकं कळतं, तितकं मला तरी दुसऱ्या कशातून कळलं नाही.

भाषाही कानाला परकी वाटत नाही. पुण्याला ते ‘बुन’ म्हणतात, शीलाला ‘सिन’, पात्राला ‘बात’, कुटीला ‘कुति’, वर्षावासाला, म्हणजे भिक्खूंच्या पावसाळी मुक्कामाला, ‘पान्सा’. भिक्षेसाठी निघणं म्हणजे ‘बिन्थबात’, म्हणजे आपला पिंडपात. भिक्खूंच्या जेवण्याला, झोपण्याला, आजारपणाला वेगळे शब्द आहेत. सामान्य माणसासाठी वापरायचं क्रियापद त्यांच्यासाठी वापरत नाहीत. भिक्खू स्वतःबद्दल बोलताना ‘मी’ म्हणत नाही, ‘आत्मा’ म्हणतो. अनात्मवाद शिकवणाऱ्या परंपरेत हा शब्द ‘मी’च्या जागी येऊन बसला, यावर मी बराच वेळ विचार करत राहिलो होतो.

आणि लोक भिक्खूला हाक कशी मारतात? तरुण असेल तर ‘लुआंग पी’, म्हणजे आदरणीय दादा. वडीलधारा असेल तर ‘लुआंग फो’, बाबा. फार वृद्ध असेल तर ‘लुआंग पू’, आजोबा. घर सोडून गेलेल्या माणसाला घरातल्याच नात्यानं हाक मारायची!

याचं कारण असं की तो खरोखरच कुणाच्या तरी घरातला असतो, आणि पुष्कळदा घरी परत येणारा असतो. थायलंडमध्ये मुलानं आयुष्यात एकदा तरी, निदान काही दिवसांसाठी, चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, घालावं अशी जुनी अपेक्षा आहे. वीस वर्षांच्या आत श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, होता येतं, दहा शीलं पाळायची. वीस पूर्ण झाल्यावर उपसंपदा, म्हणजे पूर्ण दीक्षा, घेऊन भिक्खू, मग दोनशे सत्तावीस नियम. पूर्वी एक अख्खा वर्षावास राहायचे, आता नोकरीधंद्यामुळे पंधरा दिवस, आठवडा, कधी त्याहून कमी. सरकारी नोकराला यासाठी १२० दिवसांपर्यंत पगारी रजा मिळू शकते. ज्यानं दीक्षा घेतली नाही तो ‘खोन दिप’, म्हणजे कच्चा माणूस. जो घेऊन परत आला तो ‘खोन सुक’, पिकलेला माणूस. मुलीचे आईवडील असा पिकलेला जावई शोधायचे.

दीक्षेचा दिवस म्हणजे गावाचा सण. आदल्या दिवशी मुलाचं डोकं आणि भुवयाही भादरतात. पहिली बट बहुधा आईवडील कापतात. पांढऱ्या वस्त्रातल्या त्या मुलाला त्या दिवशी ‘नाक’ म्हणतात, म्हणजे नाग. कथा अशी सांगतात की एका नागानं माणसाचं रूप घेऊन दीक्षा घेतली. झोपेत त्याचं मूळ रूप उघडं पडलं आणि संघात त्याला राहता येईना. आजही दीक्षेच्या वेळी प्रश्न विचारतात, ‘मनुस्सोसि?’ तू माणूस आहेस ना? पुढचे प्रश्न ऐका. तू ऋणमुक्त आहेस ना? राजाच्या चाकरीत नाहीस ना? आईवडिलांची परवानगी आहे ना? हा शेवटचा प्रश्न आला बुद्धांच्या वडिलांमुळे, शुद्धोदनामुळे. आधी मुलगा गेला, मग नातू राहुलही गेला. तेव्हा त्या वृद्ध बापानं बुद्धांना विनवलं की आईवडिलांना विचारल्याशिवाय कुणाच्या मुलाला प्रव्रज्या देऊ नये. एका बापाचं दुःख अडीच हजार वर्षं नियम होऊन टिकून आहे. मिरवणुकीत पोराला खांद्यावर घेऊन नाचत नाचत विहाराला तीन प्रदक्षिणा घालतात. आईच्या हातात चीवर असतं, कारण मुलाच्या चीवराचा पदर धरून आई स्वर्गात जाते असं तिथे मानतात. विधी संपला की तीच आई मुलाच्या पाया पडते. तो मात्र हात जोडत नाही, आता तो भिक्खू आहे.

राजांनाही हे चुकलेलं नाही. चौथा राम, म्हणजे राजा मोंगकुट, १८२४ ते १८५१ अशी सत्तावीस वर्षं भिक्खू होता. चीवर उतरवून तो सिंहासनावर बसला. राजा भूमिबोल यांनी १९५६ च्या ऑक्टोबरची २२ तारीख दीक्षेसाठी निवडली आणि बँकॉकच्या वात बोवोनिवेत या विहारात पंधरा दिवस घालवले. देशाचा राजा हातात पात्र घेऊन भिक्षेला निघाला होता. आपल्या नागपूरला बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, ती १४ ऑक्टोबर १९५६ ला. मध्ये फक्त आठ दिवसांचं अंतर. एका गादीनं पिढ्यान्‌पिढ्यांची रीत पाळली आणि एका समाजानं पिढ्यान्‌पिढ्यांची बेडी तोडली. या दोन गोष्टींची तुलना करायची नाही. पण त्याच महिन्यात दोन्ही ठिकाणी ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हटलं गेलं, हे आठवलं की अंगावर काटा येतो.

आषाढी पौर्णिमेनंतर पावसाळ्याचे तीन महिने भिक्खू एकाच विहारात राहतात. आपल्या चातुर्मासाशी नातं सांगणारा हा काळ. ज्येष्ठतेची मोजणीही याच वर्षावासांवरून होते. तिशीतल्या भिक्खूचे दहा वर्षावास झाले असतील आणि साठीत दीक्षा घेतलेल्याचा एकच झाला असेल, तर साठीतला तिशीतल्याला वंदन करतो.

आता ‘वात’बद्दल. वात म्हणजे विहार, मंदिर, मठ, सगळं एकत्र. देशात असे सुमारे चाळीस हजार आहेत. आधुनिक शाळा येण्याआधी मुलगे अक्षरओळख तिथेच शिकायचे, आणि गरीब खेड्यातल्या मुलाला आजही श्रामणेर झाल्यानं शिक्षणाची वाट मिळते. घर बांधलं की भिक्खू येतात, पांढरा दोरा घराभोवती फिरवून परित्त, म्हणजे रक्षणाची पाली सूत्रं, म्हणतात. मृत्यू झाला की चार भिक्खू संध्याकाळी अभिधम्म या बौद्ध ग्रंथातले उतारे म्हणायला बसतात. ईशान्येकडच्या अरण्य-परंपरेत, म्हणजे जंगलात राहून साधना करणाऱ्यांमध्ये, आचान (म्हणजे आचार्य) मन आणि त्यांच्या वाटेनं गेलेले आचान चा यांच्यासारखे ध्यानी भिक्खू झाले. दक्षिणेत बुद्धदास भिक्खूंनी १९३२ मध्ये ‘सुआन मोक’ हे ध्यानस्थान उभं केलं. नाखोन राचासिमाचे लुआंग फो खून यांच्याभोवती ताईत घ्यायला लोकांची झुंबड उडायची. जमलेला पैसा त्यांनी शाळा-दवाखान्यांना वाटला आणि २०१५ मध्ये देह ठेवताना शरीरही खोन केन विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी दिलं. शेवटचं दान स्वतःच्याच देहाचं.

उत्तरेतल्या फयाव प्रांतात १९८०च्या दशकाच्या अखेरीस एका भिक्खूनं आणखी वेगळं केलं. जंगल तुटत होतं. त्यानं झाडाला भगवं वस्त्र गुंडाळून मंत्र म्हटले. झाडाला ‘दीक्षा’ दिली! चीवर ल्यालेल्यावर कुऱ्हाड कोण उचलेल? पुढे अनेक गावांनी हे उचललं.

२०१८ सालची थाम लुआंग गुहा तुम्हाला आठवत असेल. फुटबॉल खेळणारी बारा मुलं आणि त्यांचा तरुण प्रशिक्षक पुराच्या पाण्यामुळे आत अडकले होते. तो प्रशिक्षक पूर्वी विहारात राहिलेला होता, आणि अंधारात त्यानं मुलांना ध्यानाला बसवलं. सुटकेसाठी गेलेले पाणबुडे समान गुणन यांनी प्राण गमावले. मुलं बाहेर आल्यावर त्यांतली अकरा जण श्रामणेर झाली आणि प्रशिक्षक भिक्खू झाला. नऊ दिवसांचं पुण्य त्यांनी समान यांच्या नावे केलं. बारावा मुलगा ख्रिस्ती होता, तो यात नव्हता आणि कुणी त्याला ओढलंही नाही. आपल्यासाठी मेलेल्या माणसाचं ऋण फेडायचं कसं, या प्रश्नाला त्या समाजाकडे तयार उत्तर होतं: चीवर घाल.

पण श्रोतेहो, हे उत्तर निम्म्या समाजालाच उपलब्ध आहे. मुलगी चीवर घालू शकत नाही. तिच्यासाठी पांढऱ्या वस्त्रातली ‘मेची’ आहे, आठ शीलं पाळणारी, जिला भिक्खूंचा दर्जा नाही. १९२८ च्या आदेशानं थाई भिक्खूंना स्त्रियांना दीक्षा देण्यास मनाई झाली. प्राध्यापक असलेल्या चत्सुमान कबिलसिंग यांनी श्रीलंकेत जाऊन २००३ मध्ये उपसंपदा घेतली आणि त्या धम्मनंदा भिक्खुनी झाल्या. नाखोन पथोममध्ये त्यांचा विहार आहे, त्या भिक्षेला निघतात, लोक पात्रात अन्न घालतात. अधिकृत संघ मात्र त्यांना भिक्खुनी मानत नाही. बुद्धांच्या मावशीला, गौतमीला, दीक्षा मागायला पाचशे शाक्य स्त्रियांसह चालत यावं लागलं होतं, ती कथा आपल्याला ठाऊक आहे. पहाटे भात शिजवणारे हात बहुतेक बायकांचे. त्या हातांना पात्र धरता येऊ नये, हे मला पटत नाही.

संघाच्या जखमा आणखीही आहेत. विहारांकडे मोठ्या देणग्या येतात आणि हिशोब नेहमीच स्वच्छ असतो असं नाही. २०२५ च्या जुलैत एका स्त्रीशी असलेल्या संबंधांवरून अनेक ज्येष्ठ भिक्खूंना चीवर उतरवावं लागलं, आणि भाविक लोक फार दुखावले. जवळीक जास्त म्हणून दुखणंही जास्त. भिक्खूंना मतदानाचा हक्क नाही, पण संघराजाच्या, म्हणजे संघाच्या प्रमुखाच्या, नेमणुकीपासून सगळ्याला कायद्याची चौकट आहे आणि सत्तेची सावली आहे. एक साधं दुखणंही सांगतो. पात्रात पडेल ते खायचं, म्हणून पाकिटातलं खारट, डब्यातलं गोड तेच पोटात जातं. भिक्खूंमध्ये मधुमेह वाढला आहे. आपण काय वाढतो याकडे बघा, असं आता आरोग्य खातं भाविकांना सांगतं.

२०२३ च्या सुरुवातीला थायलंडचे शंभराहून अधिक भिक्खू परभणीहून मुंबईच्या चैत्यभूमीपर्यंत पायी आले होते. रस्त्यात गावोगाव आयाबाया फुलं घेऊन उभ्या होत्या. त्या वाटेवर पंगती वाढणाऱ्या कुणी आज ऐकत असतील, तर चियांग माईच्या गल्लीतली ती बाई त्यांना लगेच ओळखू येईल.

ऑक्टोबरात वर्षावास संपतो. दीक्षा घेतलेले पुष्कळ तरुण गुरूंपुढे बसून भिक्खूपणाचे नियम परत देतात, चीवर उतरवतात, शर्ट-पँट घालून घरी जातात. यात कमीपणा नाही, कुणी कुजबुजत नाही. डोक्यावर केस अजून आलेले नसतात. दुसऱ्या दिवशी आई त्याला पहाटे उठवते. तो भाताचं भांडं घेऊन गल्लीच्या तोंडाशी येतो, चपला काढतो आणि वाट बघत उभा राहतो. कालपर्यंत ज्यांच्या मागे चालत होता ते भिक्खू समोरून येत असतात. तो गुडघ्यांवर बसतो.