20,000 च्या नोटेवरचा मास्तर

ही नोट बघा. घानाची आहे, 20,000 सेडीची. आता चालत नाही, 2007 साली तिथल्या सरकारनं नोटांवरची चार शून्यं उडवली, तेव्हा हिची किंमत नव्या पैशात 2 सेडी झाली आणि पुढं ती बादच झाली. पण तिच्यावरचा हा म्हातारा नीट बघून ठेवा. राजा नाही, पुढारी नाही, कुठली लढाईबिढाई मारलेली नाही. शाळेत आणि चर्चमध्ये गाणं शिकवणारा मास्तर आहे हा. आणि गंमत अशी, की ज्या चर्चसाठी गाणी रचली त्याच चर्चवाल्यांनी याला नोकरीवरून काढलं होतं. कारण काय, तर गाणी आणि कपडे.

नाव एफ्राइम अमू.

आज घानात ट्रोट्रोत बसलात, ट्रोट्रो म्हणजे तिथलं वडाप समजा, तर गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तीची गाणी, लागलेलं असण्याची शक्यता भरपूर. लग्नात गॉस्पेल, मयतीला गॉस्पेल, रविवारी तर काय विचारूच नका, आणि सगळं ट्वी, एवे, गा अशा आपापल्या भाषांत, ढोलाच्या ठेक्यावर. बघणाऱ्याला वाटतं हे इथं पहिल्यापासून असंच असणार. तर नाही, शंभर वर्षांपूर्वी चर्चच्या आत ढोल म्हणजे पाप होतं पाप.

जरा मागं जाऊ. व्होल्टा नदीच्या पलीकडं पेकी नावाचं गाव, एवे लोकांचं. इथं जर्मनीच्या ब्रेमेन मिशनचे लोक 1847 लाच आले होते. या पेकीत 13 सप्टेंबर 1899 ला अमूचा जन्म. बाप लाकडावर कोरीवकाम करायचा, आणि ख्रिस्ती व्हायच्या आधी गाण्यात आणि ढोलात नावाजलेला. ख्रिस्ती झाला की ते सोडायचं असा तेव्हाचा रिवाज. दुसऱ्या मोठ्या मिशननं, बासेलवाल्यांनी, तर गावोगावी ख्रिस्ती लोकांची वस्तीच वेगळी केलेली, तिला सालेम म्हणायचे. जुनं गाव तिकडं, सालेम इकडं. ढोल तिकडं, पेटी इकडं.

आणि पोराला वेड लागलं ते नेमकं पेटीचं. शाळेत संगीताचे मास्तर ऑर्गन वाजवायचे, तो ऐकून हा खुळावला, मला शिकवा म्हणून मागं लागला आणि बदल्यात मास्तरांच्या शेतात राबला. पुढं अबेतिफी गावच्या सेमिनरीत, म्हणजे मिशनच्या धर्मशाळेत, शिकून कॅटेकिस्ट झाला, म्हणजे आठवडाभर शाळेत शिकवायचं आणि रविवारी उपदेश करायचा. 1920 पासून पेकीतच मास्तरकी. मग स्वतःची पेटी घेतली, घडी घालता येणारी, पायानं भाता मारायची, आपल्या संगीत नाटकातली पायपेटी आठवा तसली. घेतली कोफोरिदुआला. लॉरी आली फ्रांकादुआपर्यंत, पुढं गाडीरस्ताच नाही, मग काय, डोक्यावर घेतली आणि चालत पेकीला आणली.

1926 ला अमू मास्तर अक्रोपाँगच्या ट्रेनिंग कॉलेजात आले. हे बासेल मिशननं 1848 ला काढलेलं, पहिल्या महायुद्धात जर्मन-स्विस मिशनऱ्यांना इंग्रजांनी हाकललं आणि कारभार स्कॉटिश मिशनकडं गेला. इथं आल्यावर त्यांच्या डोक्यात एक गोष्ट घुसली, आणि माझ्या मते या माणसाचं सगळं आयुष्य त्या एका गोष्टीत आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

आपल्याकडं ‘जग’ लिहिलं की दुनिया पण होते आणि ‘जगणं’मधलं जग पण होतं, फरक ज च्या उच्चारात. एवे आणि ट्वी भाषांत असा फरक सुरात असतो. ट्वीतला ‘पापा’ घ्या. सूर कुठं वर कुठं खाली यावर एकदा अर्थ ‘चांगलं’, एकदा ‘बाप’, एकदा ‘पंखा’. अक्षरं तीच. आता अशा भाषेत तुम्ही युरोपातल्या भजनाची चाल जशीच्या तशी उचलून तिच्यावर शब्द बसवले तर काय होणार? चाल जाते तिच्या वाटेनं, शब्दाचा सूर राहतो बाजूला. समजा देवाला बाप म्हणायला गेलात तर निघायचा पंखा! आणि सगळं गाव रविवारी उभं राहून भक्तिभावानं हे गातंय, कित्येक वर्षं.

मास्तरांनी उलट केलं. आधी शब्द बोलून बघायचा, तो जिथं वर जातो तिथं चाल वर न्यायची, जिथं उतरतो तिथं उतरवायची. त्यासाठी ते गावातल्या गायकांकडं, ढोलवाल्यांकडं जाऊन बसायला लागले, तीनवर दोनचा ठेका कागदावर कसा उतरवायचा ते शोधायला लागले. सालेममधला शिकलेला माणूस जुन्या गावात ढोल ऐकायला जातोय, लोकांना काय वाटलं असेल विचार करा. 1932 ला लंडनच्या शेल्डन प्रेसनं त्यांच्या 25 आफ्रिकन गाण्यांचं पुस्तक काढलं.

आणि गाणं आपलं, तर कपडे साहेबाचे कशाला? त्या उकाड्यात कोट, टाय, कडक कॉलर! मास्तर देशी मागावरचं कापड अंगाभोवती गुंडाळून, एक खांदा उघडा ठेवून, तसेच रविवारी उपदेशाला उभे राहिले. 1931 च्या सुमाराची गोष्ट. चर्चच्या मोठ्या मंडळींनी जाब विचारला. यात आक्षेप घेणारे फक्त गोरे नव्हते बरं का, चांगले शिकलेले आफ्रिकन ख्रिस्तीच होते, आणि मला ते जास्त बोचतं. मास्तर काही बधले नाहीत. 1933 ला अक्रोपाँगमधून छुट्टी.

पण गाणी राहिली ना मागं. 1937 ला त्याच कॉलेजात एक पोरगा शिकायला आला, क्वाबेना न्केटिया, पुढं आफ्रिकी संगीताचा जगभर मानलेला अभ्यासक झाला तो. मास्तर तिथून जाऊन चार वर्षं झाली होती, तरी त्यांची गाणी कॉलेजात चालू होती.

इकडं मास्तरांना अचिमोटानं घेतलं. अक्राजवळची नामांकित शाळा, बोधचिन्हावर चक्क पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आहेत. 1937 ला ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकला गेले आणि युरोपचं शास्त्र नीट शिकून आले. लंडन बघून माणूस सुटाबुटात परततो, हे परतले ते अजून जास्त देशी होऊन. अतेंतेबेन नावाची बांबूची बासरी त्यांनी शाळाशाळांत पोचवली. पुढं कुमासी शहरात शिकवलं, मग घाना विद्यापीठात, 1965 ला त्या विद्यापीठाची मानद डॉक्टरेट. आणि हे सगळं होत असताना चर्च काही सोडलं नाही, ते आणि त्यांची गाणी चर्चमध्येच राहिली, फक्त कोट घातला नाही.

2 जानेवारी 1995 ला मास्तर गेले, 95 वर्षांचे होऊन.

घानाचं अधिकृत राष्ट्रगीत दुसऱ्याचं आहे, फिलिप ग्बेहो यांचं, ते पण एवेच आणि अचिमोटाचेच. पण समारंभात लोक मनापासून गातात ते अमू मास्तरांचं, 1929 च्या सुमाराचं, देश स्वतंत्र व्हायच्या जवळपास तीस वर्षं आधीचं. ‘येन आरा आसासे नी’, ही जमीन आपलीच. पूर्वजांनी रक्त सांडून मिळवलेली आहे, आता पाळी आपली, असं काहीसं. मूळ एवेत रचलं, गाजलं ते ट्वीत.

आता मी गप्प बसतो, तुम्ही हे गाणं ऐका. आणि ऐकताना चाल कुठं वर जाते आणि कुठं उतरते तेवढं बघा, भाषा नाही कळली तरी चालेल.