समासातली पेन्सिल

श्रोतेहो, नमस्कार.

आधी एक कबुली देते. पस्तीस वर्षं मी वाचण्याचा पगार घेतला. पण वाचलेलं आवडलं की नाही, हे सांगण्याचा त्यात एक पैसाही नव्हता. नारायण पेठेतल्या एका छापखान्यात मी मुद्रितशोधक होते. म्हणजे प्रुफं तपासायची. डाव्या हाताला लेखकाची मूळ प्रत, उजव्या हाताला गॅलीची लांबलचक पट्टी, शाई अजून बोटाला लागतेय अशी. अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने घाईत ‘दिन’चा ‘दीन’ केलेला असायचा, कुठे खिळा उलटा बसलेला असायचा. तो पकडायचा आणि त्या ओळीसमोर समासात खूण करायची. कामाला लागले त्या पहिल्याच आठवड्यात एका कथेच्या प्रुफावर मी समासात लिहिलं, ‘हे वाक्य फार लांबलं आहे.’ संध्याकाळी व्यवस्थापकांनी बोलावून घेतलं. आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाले, “बाई, वाक्य लेखकाचं. वेलांटी तुमची.”

ते मी इतकं मनावर घेतलं, की निवृत्त झाल्यावर भाचीने विचारलं, “मावशी, तू एवढं वाचलंयस, एखादी चांगली कादंबरी सांग ना,” तर मी एक नाव सांगितलं आणि वर म्हटलं, “जरूर वाच. शुद्धलेखन अगदी स्वच्छ आहे.” ती हसत सुटली आणि पुढचे आठ दिवस सगळ्या नातेवाइकांना सांगत फिरली.

तेव्हा आज मी तुमच्याशी पुस्तकं, सिनेमे आणि टीव्हीबद्दल बोलणार आहे ती साठीनंतर मत द्यायला शिकलेली बाई म्हणून. पुण्यात हे वय फारच उशिराचं. इथे रिक्षात बसलेला माणूस पत्ता नंतर सांगतो.

शिकवणी घरातच लागली. आमच्या सासूबाई एक्याण्णव वर्षांच्या आहेत आणि संध्याकाळी सातपासून त्यांच्या मालिका सुरू होतात. मी नाक मुरडायचे. एकच चेहरा तीन बाजूंनी तीनदा दाखवायचा, वर ते ढॅण-ढॅण-ढॅण, आणि काल घडलेली गोष्ट आज चार जणांनी एकमेकांना सांगायची. “म्हणजे वैनी, त्या रात्री तुम्ही दवाखान्यात गेलाच नव्हतात तर!” असं कुठल्या घरात कोण बोलतं?

एका संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले. टीव्ही बाहेरच्या खोलीत. अर्धा तास आईंनी पडद्याकडे एकदाही पाहिलं नाही. आणि कोण कोणाच्या घरात काय सांगून शिरलंय, ते मला इत्थंभूत सांगत होत्या. मग बाहेर ढॅण वाजलं. आईंनी हात पुसले, दारापर्यंत आल्या, तो तीनदा दिसणारा चेहरा पाहिला आणि परत जुडीपाशी येऊन बसल्या. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मालिका ही बघायची गोष्टच नाही, ती ऐकायची आहे. लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे की ऐकणारीचे हात गुंतलेले आहेत, मध्येच कुकरची शिट्टी होणार आहे, एखादं वाक्य बुडणार आहे. म्हणून तो सगळं दोनदा सांगतो. आणि ते ढॅण म्हणजे ‘जरा बाहेर या’ अशी हाक. श्रोतेहो, मालिका ही आपल्या रेडिओचीच बहीण आहे. फक्त दागिने घालून बसलेली.

एवढं कळलं म्हणून ती आवडायला लागली असं नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. मालिकेत कोणी जेवण संपवत नाही. पानं वाढतात, कोणीतरी कोणालातरी काहीतरी सुनावतं आणि सगळे उठतात. आईंचं मत याहून नेमकं आहे: “एवढ्या माणसांची भांडी कोण घासतं ते एकदा दाखवा म्हणावं.”

आता तुमच्यातले माझ्या वयाचे श्रोते म्हणतील, आमच्या वेळचं दूरदर्शन बघायला हवं होतं. बघायचं होतं खरंच. मुंबईचे कार्यक्रम सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून आपल्याकडे यायचे. आमच्या वाड्यात एकाच घरी सेट होता, आणि चिमणराव-गुंड्याभाऊ लागले की त्या घरात चपला ठेवायला जागा नसायची. तेव्हा कोणीही मेथी निवडायला घेत नसे. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ इतके मनात बसले, की आज चिं. वि. जोशींचं पुस्तक उघडलं तरी वाक्यं प्रभावळकरांच्या आवाजातच ऐकू येतात. आमचे हे म्हणतात, हा वाचकाचा तोटा. आपला चिमणराव आपणच कल्पायला हवा. मला तसं वाटत नाही. पुस्तकात चिमणराव स्वतःची फजिती स्वतःच सांगतो, आणि आपली फजिती होतेय याचा त्याला पत्ता नसतो, त्यात गंमत आहे. पडद्यावर सांगणारा नाही, नुसता दिसणारा चिमणराव आहे. मग ही गंमत ठेवायची कुठे? प्रभावळकरांनी ती चेहऱ्यावर ठेवली. लोक हसताहेत आणि याला वाटतंय आपलं चांगलं चाललंय! पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं न उचलता त्याचं काम चेहऱ्याकडून करून घेतलं, याला मी इमानदारी म्हणते. पुस्तकातलं सगळं पडद्यावर आलं की नाही, हे यादी घेऊन तपासणारे असतात. तो माझा जुना धंदा. मूळ प्रत आणि प्रूफ ताडून बघायचं. सिनेमा पाहताना ते करू नये, असं आता मला वाटतं.

सिनेमाचं निघालं म्हणून सांगते. लग्नानंतर लवकरच आम्ही दोघांनी ‘सिंहासन’ पाहिला. १९७९ सालचा, अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शन केलं. शेवटी पत्रकार दिगू टिपणीस, म्हणजे निळू फुले, वेड्यासारखा हसत सुटतो. टॉकीजबाहेर लूनाला पॅडल मारता मारता हे म्हणाले, “शेवट नाटकी झाला.” मी मागे बसले होते. ‘तुम्हाला यातलं काही कळत नाही’ असं म्हणण्याची ती माझी पहिली वेळ. का कळत नाही ते मात्र मला सांगता येईना. लकडी पूल ओलांडला, खंडोजीबाबा चौक आला, तरी मी नुसतं “छान होता, छान होता” एवढंच म्हणत होते.

उत्तर सापडायला बरीच वर्षं गेली. पुन्हा पाहिला तेव्हा मी दिगूवरच नजर ठेवली. सगळे पुढारी त्याच्याशी बोलतात. कोण कोणाला पाडणार, कोणाचं काय शिजतंय, त्याला सगळं आधी कळतं. आणि त्याचा उपयोग काय, तर काही नाही. वाचतो सगळं, शेरा मारायची मुभा नाही. मला तर वाटतं, ते हसणं म्हणजे त्याने सबंध सिनेमात दिलेलं पहिलं मत आहे. ह्यांना हे सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तरी नाटकीच.” ते बँकेत होते. दिगूच्या खुर्चीवर बसायची वेळ त्यांच्यावर आली नाही.

लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय तुम्हाला माहीत असेल. १९६४ साली स्थापन झालं. पी. के. नायर यांनी ते उभं केलं. हा माणूस अंधारात सिनेमा बघता बघता वहीत टिपणं करायचा, हे कळलं तेव्हा मला तो एकदम आपल्या धंद्यातला वाटला. कारण ‘सिनेमा छान होता’ एवढ्याने त्यांचं काम भागण्यासारखं नव्हतं. आपल्याकडे मूकपट हजारावर निघाले, हाती लागले अगदी मोजके. १९३१चा ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, त्याची एक प्रत कुठे नाही. लोकांनी तेव्हा काय म्हटलं ते वर्तमानपत्रांत सापडतं. सिनेमा गेला आणि मतं राहिली. ताडून बघायला मूळ प्रतच नाही, अशी प्रुफं.

‘संत तुकाराम’ मात्र राहिला. मी तो लहानपणी एकादशीला आजीबरोबर पाहिला होता आणि आठवत होतं ते शेवटचं विमान. मोठ्या पडद्यावर पुन्हा पाहिला तो निवृत्तीनंतर. १९३६ साली प्रभातने केलेला. दामले-फत्तेलाल दिग्दर्शक, विष्णुपंत पागनीस तुकाराम. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. ज्या प्रभात स्टुडिओत तो तयार झाला, तिथे १९६०पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तीही लॉ कॉलेज रस्त्यावरच. पण मला सांगायचंय ते आवलीबद्दल. गौरी नावाच्या नटीने ती केली आहे. पोर तापाने फणफणलंय आणि नवरा देवाचं नाव घेतोय, तेव्हा ती पोराला ओढत देवळात नेते आणि पायातली चप्पल काढून विठ्ठलावर उगारते. आजीच्या शेजारी बसून हे बघताना मी घाबरले होते. या वेळी खुर्चीत पुढे सरकून बसले. तुकाराम लिहितात आणि आवली ते घराशी ताडून बघते. अभंगात विठ्ठल जागच्या जागी आहे, कणगीत दाणे नाहीत. मग चूक कुठे झाली? थेट देवाकडेच विचारणा. आवली ही तुकारामांची मुद्रितशोधक आहे, हे माझं मत. ते वैकुंठाला जातात आणि ती पोरांसाठी मागे राहते. विमान तर आता मला तितकंसं लक्षातही राहत नाही.

पुस्तकांच्या बाबतीत माझी अडचण जास्त होती, कारण पुस्तक हातात आलं की डोळे आपोआप वेलांट्यांवर जातात. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ची. कॉलेजात असताना दादाची प्रत वाचली होती. वसतिगृहाची पानं वाचताना पोट धरून हसले, पुढचं भराभर उलटलं. मध्ये छापखान्यातली सगळी वर्षं गेली. पुन्हा उघडली तेव्हा पहिल्या पानापासून हात शिवशिवू लागला. ‘उदाहरणार्थ’ म्हणायचं आणि उदाहरण द्यायचं नाही. ‘वगैरे’ तर गव्हातल्या खड्यांसारखे. दोन्हींवर माझी काट बसली असती. मग आली मनू, पांडुरंग सांगवीकरची धाकटी बहीण, देवीच्या साथीत गेलेली. त्या पानांशी मी थांबले. पहिल्या वेळी ती उलटून गेले होते, याचीच लाज वाटली. आणि कळलं की ते ‘वगैरे’ काढून चालणार नव्हतं. ज्याला एवढं मोठं दुःख सांगायचंय, त्याला आधी काहीतरी पुटपुटायला लागतंच. मी ते काटलं असतं, तर शुद्ध झालं असतं आणि गेलं असतं.

आणखी एक गुरू सांगायचा राहिला. आमच्या वाचनालयातले अनोळखी वाचक. ‘पुस्तकावर लिहू नये’ असा शिक्का पहिल्या पानावर असतो आणि आतले समास पेन्सिलीने भरलेले असतात. एका कादंबरीत प्रेमपत्राशेजारी ‘इथे कंटाळा येतो’ असं बारीक अक्षरात होतं. खाली दुसऱ्या हस्ताक्षरात, ‘मग वाचू नये.’ त्याखाली तिसऱ्या, ‘वाद घालू नये, पुस्तक सर्वांचे आहे.’ एका चरित्रात नायकाने पहाटे उठून दहा मैल चालल्याचं वर्णन आहे, तिथे कोणी लिहिलंय, ‘आणि पत्नी?’ दोनच शब्द. मी चरित्राची पुढची दोनशे पानं ते दोन शब्द धरून वाचली. वर्तमानपत्रातल्या लांब परीक्षणांतून मला इतकं कधी मिळालं नव्हतं. परीक्षण पुस्तकापासून चार पावलं लांब उभं राहून बोलतं. हा वाचक त्या ओळीसमोरच उभा असतो.

मागच्या महिन्यात त्याच वाचनालयातून एक जुनी कादंबरी घरी आणली. नाव सांगत नाही, लेखक आता नाहीत. तिची प्रुफं मी पाहिली होती. पहिलं, दुसरं आणि मशीनप्रूफसुद्धा. त्या काळात माझ्या हातून गेलेल्या पुस्तकात चूक नाही, असा मला गर्व होता. शेवटून तिसऱ्या प्रकरणात नायकाचे वडील जातात, आणि नदीकाठी, ऐन सूर्यास्ताच्या वेळी, छापलंय, ‘थरथरत्या हाताने त्याने चिंता पेटवली.’

एक अनुस्वार, श्रोतेहो. तीन प्रुफांमधून सुखरूप निघून गेलेला.

त्या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल होता. समासात एका अक्षरात, ‘मग विझवली कोणी?’ खाली दुसऱ्या, अंमळ तिरप्या अक्षरात, ‘प्रुफे कोणी पाहिली?’

मी पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं. पर्समध्ये पेन्सिल असतेच, सवय जात नाही. शिक्क्याकडे दुर्लक्ष केलं आणि त्या तिरप्या अक्षराखाली लिहिलं, ‘मी.’