दाजीपूरची चिमूटभर माती

नमस्कार श्रोतेहो. वळवाचा पहिला पाऊस पडला की मातीचा जो वास सुटतो, त्यात मोठा वाटा जिओस्मिन या रसायनाचा. ते तयार करतात मातीतले जिवाणू, मुख्यतः स्ट्रेप्टोमायसीस. याच कुळातल्या एका जिवाणूपासून १९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन मिळालं आणि क्षयरोगावर पहिलं प्रभावी प्रतिजैविक हाती आलं. म्हणून सगळे राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात गवे बघायला जात असले, तरी मी मात्र पायाखाली बघत चालते.

वनखात्याची परवानगी काढायची, पालापाचोळा बाजूला सारायचा आणि चार बोटं खोलवरची माती निर्जंतुक पिशवीत भरायची. प्रयोगशाळेत १ ग्रॅम माती ९ मिली सलाईनमध्ये ढवळायची, त्यातला १ मिली पुढच्या नळीत, असं दहा-दहा पट पातळ करत न्यायचं. मग अगारच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर पसरायचं आणि वाट बघायची. घाईचे जिवाणू दोन दिवसांत प्लेट भरून टाकतात. पण आठव्या-दहाव्या दिवशी एखाद्या कडेला खडूची पूड सांडल्यासारखा पांढरा, कोरडा ठिपका दिसतो. तारेनं उचलायला जावं, तर अगारमध्ये घट्ट रुतलेला असतो. झाकण जरा किलकिलं केलं की तोच पहिल्या पावसाचा वास!

“मॅडम, नवीन सापडला?” मुलं लगेच विचारतात. पण नवेपण नुसतं बघून कळत नाही, ते सिद्ध करावं लागतं. आधी १६ एस आरआरएनए नावाचं जनुक वाचायचं, डीएनएच्या साधारण १५०० अक्षरांचं, आणि ज्ञात प्रजातींशी ताडून बघायचं. साम्य ९८.७ टक्क्यांच्या खाली आलं तर आशा धरायची. मग पूर्ण जीनोम, म्हणजे त्या जिवाणूचा सगळा डीएनए, वाचायचा. तिथं जवळच्या प्रजातीशी सरासरी साम्य ९५-९६ टक्क्यांच्या खाली हवं. तो काय खातो, किती तापमानाला वाढतो, हेही तपासायचं. शेवटी वर्णन छापायचं, लॅटिन वळणाचं नाव द्यायचं आणि जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवायचा. ही अट मला फार मोलाची वाटते. उद्या कुणाला शंका आली, तर तोच जिवाणू मागवून तपासता येतो.

गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीचा ठिपका ९९.६ टक्के जुनाच निघाला. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. यंदा तीच दाजीपूरच्या तांबड्या मातीची नवी पिशवी घेऊन आली. तिच्या प्लेटला आज सहावा दिवस आहे.