वाघळांचा ठावठिकाणा

(दृश्य : गावतळं, उन्हं कलली आहेत. पाण्यालगत उडणारी वटवाघळं.)

आता नीट पाहा. ते वाघूळ तळ्यावर झेपावलं, उडता उडताच छाती पाण्याला टेकवली आणि वर निघून गेलं. आता ते फांदीला उलटं लटकेल आणि छातीवरचे ओले केस चाटत बसेल. एवढ्या मोठ्या पंखांनी काठावर उतरून पाणी पिणं धोक्याचं, म्हणून तहान भागवायची ही रीत.

आपल्याकडचं हे सगळ्यांत मोठं वटवाघूळ. पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत चार फूट, कधी त्याहूनही जास्त. वजन किलोच्या पुढे जातं. गुहा, भुयार याला लागत नाही. गावाबाहेरचा वड, चिंच, अर्जुन, नाहीतर ओढ्याकाठची निलगिरी, असं एखादं उंच झाड ती धरतात आणि वर्षानुवर्षं सोडत नाहीत.

(दृश्य : भरदुपारी वड. जवळून.)

दिवसा ती झोपलेली असतात असं आपण समजतो. प्रत्यक्षात इथे केवढी लगबग चालली आहे! कोणी पंखांनी वारा घालून घेतंय, कोणी फांदीवरच्या वीतभर जागेसाठी शेजाऱ्यावर खेकसतंय. उजवीकडच्या मादीच्या पंखाआडून पिल्लाचं डोकं दिसतंय. वर्षाला एकच पिल्लू.

(दृश्य : झाडाखालची जमीन, सुकलेले चोथे.)

उंबराचं फळ वाघूळ चावतं, जिभेने टाळूवर दाबून पिळतं, रस गिळतं आणि चोथा थुंकून देतं. रसाबरोबर पोटात गेलेल्या बारीक बिया अर्ध्याएक तासात बाहेर पडतात. तोवर वाघूळ कुठच्या कुठे गेलेलं असतं, आणि ते उडतानाच विष्ठा टाकतं. पक्षी बहुतेकदा फांदीवर बसून बिया टाकतात, त्यामुळे त्या झाडांखालीच पडतात. वाघळाची बी पडते उघड्या माळावर, पडीक शेतात, जंगल तुटलेल्या मोकळ्या जागेत. जिथे पुन्हा झाड यायला हवं, नेमकी तिथे. वड, पिंपळ, उंबर या मंडळींचा प्रसार करणाऱ्यांत वाघळं अगदी पुढे आहेत.

मोठ्या बियांचं फळ ती तोंडात धरून दुसऱ्या झाडावर नेतात आणि तिथे निवांत खातात. काजूचं बोंड खाल्लं की बी खाली. उंडीचंही तेच. टेटूचं फूल संध्याकाळनंतर उमलतं आणि सकाळपर्यंत गळून पडतं. त्याचे पराग या फुलावरून त्या फुलावर नेण्याचं काम वाघळांचं. मोहावरही रात्री त्यांची गर्दी असते. आंब्या-चिकूच्या बागेत नुकसान होतं, हे खरंच आहे. त्यावर झाडाला जाळी लावणं हा उपाय आहे.

(दृश्य : कोकणातली वाडी. भेर्ली माडाचा लोंबता घोस.)

कोकणात भेर्ली माडाचे हे घोस सगळ्यांनी पाहिलेत, आत डोकावून मात्र फार कमी जणांनी पाहिलं असेल. कॅमेरा खालून वर जातोय. घोसाच्या मधल्या सरी कुरतडलेल्या आहेत आणि आत घंटेसारखी पोकळी तयार झाली आहे. हे आखूड नाकाच्या छोट्या फळवाघळाच्या नराचं काम. एकेक सर दातांनी तोडायची, टोकांना लाळ लावायची, असं कितीतरी दिवस चालतं. मग माद्या येऊन जागा पाहतात. पसंत पडली तर राहतात, आणि नर त्या बिऱ्हाडाची राखण करतो. माडाची, ताडाची वाकलेली पानं, भिंतीवरचे दाट वेल, सगळीकडे त्याची ही कारागिरी चालते.

(दृश्य : खानापूर तालुका, घनदाट जंगल. गुहेचं तोंड.)

आता आपण आलोय महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक जिथे एकमेकांना भिडतात तिथे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं तळेवाडी, आणि जवळच्या या बारापेडे गुहा. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने गेल्या शतकाच्या सुरुवातीला देशभरातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली, तेव्हा इथे एक वेगळंच वाघूळ सापडलं. मोठे कान चेहऱ्यावर पुढे झुकलेले, कपाळावर एकमेकांना जुळलेले. १९१३ मध्ये ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमस यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्या पाहणीची धुरा वाहणाऱ्या रॉटन यांचं नाव त्याला दिलं. पुढे जवळपास नव्वद वर्षं जगात या वाघळाचा ठाऊक असलेला ठिकाणा एकच होता, या गुहा. मग ते मेघालयात सापडलं, कंबोडियातही. पण सह्याद्रीतला त्याचा पत्ता हाच. २०११ मध्ये भीमगड अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा या गुहाही त्यात आल्या.

छताच्या फटींत ती दाटीवाटीने बसली आहेत. दिवा मुद्दाम मंद ठेवलाय.

(दृश्य : नकाशा.)

जगात वाघळांच्या १,४०० हून अधिक जाती आहेत, भारतात सव्वाशेहून जास्त. प्रदेश बदलला की वाघूळ बदलतं. राजस्थानातल्या जुन्या किल्ल्यांत, भुयारांत उंदरासारख्या लांब शेपटीचं वाघूळ राहतं. अंगात साठवलेल्या चरबीवर ते हिवाळा काढतं. केळीच्या सुकलेल्या पानात नारिंगी-काळं, जेमतेम बोटाएवढं वाघूळ दडतं. तमिळनाडूच्या मेघमलई डोंगरात १९४८ मध्ये मिळालेला एक नमुना मुंबईच्या संग्रहात चुकीच्या नावाने पडून होता. थायलंडचे प्राणिशास्त्रज्ञ किट्टी थोंगलोंग्या यांनी तो तपासला आणि १९७२ मध्ये ही नवी जात आहे असं दाखवून तिला डॉ. सलीम अलींचं नाव दिलं. दोन वर्षांनी किट्टी गेले. त्यांनीच शोधलेल्या, जेमतेम दोन ग्रॅम वजनाच्या थायलंडमधल्या वाघळाला आज त्यांचं नाव आहे.

(दृश्य : शेतावरची संध्याकाळ. दिव्याभोवती लहान वाघळं.)

वाघळांच्या बहुतेक जाती कीटक खातात. पिल्लाला पाजणारी मादी एका रात्रीत स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक किडे फस्त करू शकते. अमेरिकेत २००६ नंतर एका बुरशीच्या रोगाने लाखो वाघळं मेली, आणि तिथल्या शेतांवर कीटकनाशकांची फवारणी वाढली.

फळवाघळांकडून माणसात येऊ शकणाऱ्या निपा विषाणूची भीती लोकांच्या मनात आहे. म्हणून उष्टं फळ खाऊ नये, वाघळाला हात लावू नये, झाडाखाली पडलेलं पिल्लूही वनखात्यालाच कळवावं. झाड तोडून मात्र हा धोका टळत नाही, नुसती वस्ती उधळते.

(दृश्य : छाटलेला वड.)

१९७२ च्या वन्यजीव कायद्यात, एखाददुसरी जात सोडली तर, फळं खाणारी सगळी वाघळं उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती, उंदीर आणि कावळ्यांबरोबर. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच रद्द झाली. पण रस्त्याकडेचा वड अजून तोडला जातो. देवळाच्या जीर्णोद्धारात गाभाऱ्यामागच्या फटी बुजवल्या जातात, गुहांमध्ये झगझगीत दिवे लागतात.

मोठ्या वटवाघळांची पिल्लं साधारण फेब्रुवारी ते मे या काळात जन्मतात आणि पुढचे काही महिने आईला सोडत नाहीत. तुमच्या गावातल्या वडावर वाघळं असतील आणि फांद्या छाटायची खरोखरच वेळ आली, तर ग्रामपंचायतीला सांगून ते काम पावसाळा संपेपर्यंत पुढे ढकला.