वेखंडाचा अर्धा वेढा

(सहाण, ओला हात, अगदी जवळून. दहा सेकंद फक्त घासण्याचा आवाज.)

दगडावर फिरतंय ते लाकूड नाही. वेखंड आहे. दलदलीत, चिखलाखाली आडवा पसरणारा कंद. वाळून असा गाठीगाठींचा होतो, पण वास सोडत नाही.

बडोद्यात, दांडियाबाजारातल्या या घरात पणतू चार महिन्यांचा झालाय. पणजींनी आधी सहाण उकळत्या पाण्यानं धुतली. मग बाळाच्या घुटीसाठी आईचं दूध. हळकुंडाचे दोन वेढे, मुरुडशेंगेचा एक, नागरमोथ्याचा एक. तोही ओल्या जागेतलाच. वेखंड सगळ्यात शेवटी.

"अर्धाच हं," त्या नातसुनेला बजावतात. "जास्त झालं की ओकेल तो."

पणजींचा अंदाज बरोबर आहे. आयुर्वेदात वेखंड वांती करवणारं म्हणूनच सांगितलंय. त्याची पूड न्हाणं झाल्यावर टाळूवर. एक पुरचुंडी गव्हाच्या डब्यात, एक शालूच्या घडीत. शेगडीवर ओवा, बाळंतशेपा आणि वेखंडाची धुरी. घर निर्जंतुक करायची ही जुनी पद्धत.

(खंडेराव मार्केट, सकाळ. पाट्यांत शिंगाडे.)

1906 सालची इमारत. शिंगाडे इथे 'शिंगोडां', आणि घासाघीसही गुजरातीतच.

(सूरसागर, संध्याकाळ. पाण्यात महादेवाचं प्रतिबिंब.)

गढूळ पाणी निवळायला सुश्रुतसंहितेत सात वस्तू दिल्या आहेत: निवळीचं बी, गोमेद, कमळाच्या मुळाची गाठ, शेवाळाचं मूळ, वस्त्र, मोती आणि मणी. सातांतल्या दोन तळ्यातच उगवतात! आपण त्यांना घाण म्हणून उपसून काठावर टाकतो. सयाजीरावांच्या काळात, 1892 साली, आजवा तलावाचं पाणी नळानं शहरात आलं. मग कमळाची गाठ कोण शोधणार? अर्थात निवळलेलं पाणी उकळावं लागतंच.

(विश्वामित्री नदी. जलपर्णीचा हिरवा थर, वरून.)

ही जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेची, पोसते सांडपाण्यावर. शिसं, कॅडमियमही शोषून घेते; तेव्हा अशा पाण्यातलं काही तोडून औषधाला वापरू नका. वेखंडातल्या बीटा-असारोन या घटकामुळे अमेरिकेनं ते 1968 मध्ये खाद्यपदार्थांतून बंद केलं, आणि बालरोगतज्ज्ञ सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध द्या म्हणतात.

(पुन्हा सहाण. पणजींची करंगळी, बाळाचे ओठ, वाकडं झालेलं तोंड. निवेदन नाही.)