साथीच्या दिवसांत रक्ताची पिशवी

श्रोतेहो, नमस्कार.

विषाणूची साथ आली की रक्तपेढीत दोन काळज्या एकदमच शिरतात. पिशवीतून रोग रुग्णाच्या अंगात जाईल, ही एक. आणि वेळेला पिशवीच मिळणार नाही, ही दुसरी. चर्चा होते ती पहिलीची. जीव मात्र दुसरीनेही जातो.

मुळात प्रत्येक साथीचा विषाणू रक्तातून पसरतोच असं नाही. रक्त चढवल्यामुळे कोविड झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. डासांमुळे येणाऱ्या तापांचं तसं नाही. वेस्ट नाईल विषाणूची लागण अमेरिकेत 2002 साली रक्तातून 23 जणांना झाली, आणि पुढच्याच वर्षी तिथे दात्यांच्या रक्ताची त्यासाठी तपासणी सुरू झाली. फ्रेंच पॉलिनेशियात झिकाची साथ होती तेव्हा 1505 दात्यांचं रक्त तपासलं, त्यात 42 जणांत विषाणू सापडला. रक्त देताना ही सगळी माणसं ठणठणीत होती. त्यातल्या 11 जणांना दान केल्यावर तीन ते दहा दिवसांत ताप किंवा पुरळ अशी लक्षणं दिसली.

लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचे हे मधले दिवस फार महत्त्वाचे. सुरुवातीला लागण नुकतीच झालेली असते, रक्तात विषाणू इतका थोडा असतो की चांगली चाचणीही त्याला हुकू शकते. शिवाय नव्या साथीत सुरुवातीला चाचणीच हाताशी नसते. मग रक्तपेढीकडे उरतं काय? दात्याचा शब्द. दान करण्यापूर्वीच्या प्रश्नांना दिलेली खरी उत्तरं आणि नंतर आजारी पडल्यास केलेला फोन.

हा फोन किती उपयोगी पडेल हे रक्ताच्या घटकावर ठरतं. एका पिशवीचे साधारण तीन भाग होतात. तांबड्या पेशी 2 ते 6 अंश तापमानात पाच-सहा आठवडे टिकतात. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, गोठवून वर्षभर ठेवता येतो. प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या बारीक पेशी, मात्र 20 ते 24 अंशांत, सतत हलवत ठेवूनही, साधारण पाचच दिवस. चौथ्या दिवशी दात्याचा फोन आला तर पेशी आणि प्लाझ्मा बहुधा अजून कपाटातच असतात, बाजूला काढता येतात. प्लेटलेट तोवर कुणाला तरी चढलेल्या असण्याचीच शक्यता जास्त. मग त्या रुग्णाच्या डॉक्टरांना कळवायचं आणि त्याच्यावर लक्ष ठेवायचं, एवढंच हातात राहतं. म्हणून ताप आला तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. ‘आपल्याला बोलतील’ ही भीती तर अजिबात नको. रक्तपेढीला अशा फोनचा राग येत नाही, आधार वाटतो.

विषाणू निष्प्रभ करण्याच्या पद्धतीही आहेत. प्लाझ्मावर विशिष्ट रसायनांची प्रक्रिया केली की चरबीचं आवरण असलेले विषाणू मोडतात. कावीळ ‘ए’चा विषाणू त्याला दाद देत नाही, कारण त्याला तसं आवरणच नाही. प्लाझ्मातून वेगळं काढलेलं अल्ब्युमिन हे प्रथिन 60 अंशांवर दहा तास तापवतात. तांबड्या पेशींना असं तापवलं तर त्या फुटतील. आणि जाता जाता एक गैरसमज: ‘इरॅडिएटेड’, म्हणजे किरणांचा मारा केलेली, असं लिहिलेली पिशवी विषाणूमुक्त नसते. ते किरण दात्याच्या पांढऱ्या पेशींची वाढ थांबवण्यासाठी असतात.

वॉर्डातले नियम साथीतही तेच, फक्त ढिलाईला जागा नाही. पिशवी आणली की लगेच लावायची, चार तासांत संपवायची; वॉर्डातल्या औषधांच्या फ्रिजमध्ये ठेवायची नाही. रक्त सांडलं तर हातमोजे घालून आधी टिपून घ्यायचं, मग क्लोरीनचं द्रावण ओतून दहा मिनिटं थांबायचं, आणि नंतरच पुसायचं. सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही.

आता दुसरी काळजी. साथीत दाते घराबाहेर पडत नाहीत आणि साठा आटतो. मग आवाहन होतं, आणि एकाच दिवशी शंभर जण रांगेत उभे राहतात. भावना चांगली, पण पाच दिवसांनी त्यातल्या उरलेल्या प्लेटलेट फेकाव्या लागतात, आणि रांगेत संसर्गाचा धोका तो वेगळाच. रक्तपेढीला आधी फोन करा, वेळ ठरवून घ्या. तिला रोज थोडे दाते हवे असतात, सगळे आजच नकोत.