ल्यूअरचा डोळा: खळगा, थेंब आणि पाणी

[दृश्य: टेबलावर लांबीत मधोमध कापलेलं एक जुनं लाकडी ल्यूअर. कॅमेरा हळूहळू डोक्याकडे.]

हे ल्यूअर, म्हणजे मासा गरवायचा गळ लावलेला खोटा मासा, माशाने चावून मोडलेलं नाही, खडकावर आपटूनही फुटलेलं नाही. वरचा रंग बघा, अजून नवाकोरा वाटतो. पण करवत घातल्यावर आतलं दिसतं. शेपटीकडचं लाकूड कोरडं, पिवळसर. डोक्याकडचं काळपट, नखाने दाबलं तर नख रुतेल असं. हा काळा डाग सुरू कुठून झाला, ते शोधायला लांब जायला नको. डोळ्याच्या खळग्यातून.

घरी केलेल्या लाकडी ल्यूअरमध्ये पाणी शिरायच्या जागा ठरलेल्या असतात. तोंडाशी तार आत जाते ती जागा, पोटात शिसं भरलेलं भोक, पुढच्या पारदर्शक लिपची, म्हणजे ओठासारख्या पट्टीची फट, आणि डोळा. पहिल्या तिन्ही जागा कामाच्या, म्हणून तिथे सगळेच काळजी घेतात. डोळा म्हणजे नुसती सजावट, अशी समजूत असते. मग सजावटीसाठी आपण आपल्याच हाताने लाकडात दोन भोकं पाडतो आणि त्यांच्यावर एकेक स्टिकर चिकटवून मोकळे होतो.

[दृश्य: खाडीचं तोंड, भरती. तिवरांची मुळं, त्यांना चिकटलेली कालवं.]

कोकणातल्या खाड्यांत जिताडा राहतो. गोव्यात त्यालाच चोणक म्हणतात. हा दबा धरून बसणारा मासा. तिवरांच्या मुळांत, खडकाच्या सावलीत, जेटीच्या खांबाआड थांबायचं आणि भरतीबरोबर आलेली बोय किंवा कोळंबी झटक्यात तोंडात ओढायची. म्हणून ल्यूअरही तिथेच फेकावं लागतं, म्हणजे नेमकं जिथे ते अडकणार तिथेच. विकतची दोन-चार ल्यूअर मुळांत गमावली, की गरवायला जाणारा माणूस आपसूक लाकडाच्या तुकड्याकडे बघायला लागतो. पांगारा किंवा सावर हाताशी असेल तर उत्तम. हलकं लाकूड, सुरीला मऊ. पण जेवढं हलकं, तेवढंच पाणी पिणारं.

[दृश्य: दोन ल्यूअर शेजारी शेजारी. एकाला डोळा आहे, एकाला नाही.]

आधी नेहमीचा वाद मिटवून टाकू. मासा डोळा बघतो का?

डोळ्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. शिकारी मासे भक्ष्य बहुधा डोक्याकडून गिळतात, म्हणजे त्याचे पर आणि काटे मागे दुमडतात, घशात अडकत नाहीत. त्यासाठी डोकं कुठल्या बाजूला आहे हे कळायला हवं, आणि डोक्याची ठळक खूण म्हणजे डोळा. प्रवाळातले काही फुलपाखरू-मासे शेपटीजवळ खोटा डोळा मिरवतात, तो उगाच नव्हे. शिवाय माशाच्या पिल्लाचा डोळा अंगाच्या मानाने मोठा असतो. त्यामुळे ल्यूअरला थोडा मोठा डोळा दिला तर ते कोवळं, सोपं भक्ष्य वाटत असावं, असा तर्क ल्यूअर करणारे लढवतात.

आता दुसरी बाजू. चमच्याच्या आकाराच्या धातूच्या ल्यूअरला डोळा नसतो, तरी त्यावर मासे लागतात. पावसाळ्यात खाडी गढूळ झाली की जिताड्याला डोळाच काय, ल्यूअरचा रंगही धड दिसत नसेल. तेव्हा तो अंगावरच्या रेषेने पाण्याची थरथर टिपतो आणि त्या अंदाजाने झेपावतो. आमचं मत विचाराल तर डोळा असावा. पण मासा त्याच्यामुळे आला की नाही हे कधी सिद्ध होणार नाही. पाणी मात्र त्याच्यामुळे आत गेलं, हे करवतीने सिद्ध होतं.

[दृश्य: जुन्या पद्धतीचे काचेचे डोळे. एका तारेच्या दोन टोकांना दोन.]

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकन लाकडी ल्यूअरना काचेचे डोळे असायचे. मेलेले प्राणी-पक्षी पेंढा भरून ठेवणारे वापरत, तसेच. तारेच्या दोन टोकांना एकेक डोळा. तार मधे कापायची, थोडं शेपूट ठेवायचं आणि ते लाकडात रुतवायचं. पुढे काच मागे पडली, रंगवलेले डोळे आले. आज तिथले संग्राहक नुसता डोळा पाहून जुन्या ल्यूअरच्या काळाचा अंदाज बांधतात.

पण आपल्या कामाचा माणूस फिनलंडचा. ल्यूअर करणारा लाउरी रापाला. 1936 साली त्याने चांभाराच्या सुरीने बाटलीच्या बुचाचा असतो त्या कॉर्कचा मासा कोरला. चकाकीसाठी चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळला. आणि त्या सगळ्यावर पाणी अडवणारा थर कशाचा दिला? फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून. ना वॉर्निश, ना इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळले की कडक होणारी राळ. घरात जे होतं ते. त्या माशाच्या हालचालीचं कौतुक सगळे करतात, आणि ते रास्तच आहे. पण वितळलेल्या निगेटिव्हचा तो थर नसता तर कागद पाण्यात किती वेळ टिकला असता?

[दृश्य: चौकोनी लाकडी ठोकळा. पेन्सिल, टोच्या, बारीक बिट.]

आता हातात काम घेऊ. डोळ्याचं काम मासा कोरण्याआधीच सुरू होतं. ठोकळा चौकोनी असतानाच डोळ्याची जागा ठरवायची, टोच्याने खूण करायची आणि ड्रिलच्या दीड मिलिमीटर बिटने या गालातून त्या गालात आरपार भोक पाडायचं. ठोकळ्याच्या बाजू सपाट असतात, म्हणून भोक सरळ जातं. कोरून झाल्यावर गोल अंगावर दोन डोळे समोरासमोर आणायला गेलात तर एक डोळा आकाशाकडे, एक पाताळाकडे. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी मुरलेल्या हाताकडेच देतात, ते याच भीतीने.

मासा कोरून, घासून झाला की त्या बारीक भोकावर मोठं बिट लावायचं. आठ मिलिमीटरचा डोळा असेल तर खळगा साडेआठचा. साधं बिट खळग्याचा तळ शंकूसारखा करतं आणि मऊ लाकडाच्या कडा उचकटतं. सपाट तळाचं फोर्स्टनर बिट मिळालं तर तेच घ्या. आणि ड्रिल गालाच्या उताराला काटकोनात धरा. डोकं तोंडाकडे निमुळतं होत जातं. ड्रिल सरळ आडवं धरलं तर खळगा मागच्या कडेला खोल आणि पुढच्या कडेला उथळ होतो. मग डोळ्याची पुढची कड वर राहते, आणि पुढे कधीतरी तिथेच गळाचं टोक अडकतं.

[दृश्य: खळगा अगदी जवळून. लाकडाच्या रेषा.]

इथे जरा थांबून बघा. लाकडाचे तंतू तोंडापासून शेपटीपर्यंत धावतात. खळगा पाडला की त्याच्या पुढच्या आणि मागच्या भिंतीत हे तंतू आडवे कापले जातात आणि त्यांची तोंडं उघडी पडतात. लाकूड पाणी सर्वांत वेगाने पितं ते याच तोंडांतून. मघाचा काळा डाग डोळ्यापासून मागे शेपटीकडे सरकत गेला होता, खाली पोटाकडे नाही. कारण हेच.

म्हणून रंगाच्या आधी खळगा बंद करायचा. फर्निचर पॉलिशवाल्याकडचं सँडिंग सीलर थिनरने पातळ करून आत सोडा, वाळू द्या, पुन्हा सोडा. किंवा पातळ इपॉक्सी. पहिला हात लाकूड पिऊन टाकतं, दुसऱ्या हातानंतर भिंत चमकायला लागते. चमक आली म्हणजे तोंडं मिटली. आणि ते आरपार भोक? तेही बुजवा, टूथपिकचा तुकडा इपॉक्सीत बुडवून. नाहीतर गंमत होते. एका बाजूचा डोळा दाबून बसवला की आतली हवा भोकातून पलीकडे जाते आणि तिकडचा डोळा उचलून धरते.

[दृश्य: रंगवलेलं ल्यूअर. बाजूला वेगवेगळे डोळे: स्टिकर, काचेचे, मणी, टिकल्या.]

रंग झाला की डोळा. बाजारात फुगीर राळेचे त्रिमितीय स्टिकर मिळतात, काचेचे मिळतात. काहीच नसेल तर नेलपॉलिशचे दोन ठिपके, पिवळ्यावर काळा. चमकीच्या टिकल्या तर आपल्याकडे कुठेही. टिकली दिसते झकास, पण तिच्या पाठीचा गोंद कपाळासाठी केलेला असतो, खाऱ्या पाण्यासाठी नाही. वर थिनर असलेलं लॅकर मारलं तर तिचा रंगही फुटू शकतो. वापरायची असेल तर आधी एका टाकाऊ तुकड्यावर मारून बघा.

विकतच्या स्टिकरच्या गोंदावरही विसंबू नका. खळग्यात दोन भागांच्या पारदर्शक इपॉक्सीचा छोटा थेंब ठेवायचा, मध्यभागी. डोळा वर ठेवून हलकेच फिरवत दाबायचा. थेंब मधून कडेकडे पसरतो आणि हवा बाहेर ढकलतो. कडेने बारीक गोट वर आला की झालं. तो पुसू नका, टूथपिकने गोल फिरवून सारखा करा. डोळा आणि लाकूड यांच्यामधली फट हाच गोट भरतो.

दोन चिकटवण्यांपासून इथे सावध राहायचं. पहिला, इन्स्टंट ग्लू. तो वाळताना वाफ सोडतो आणि ती वाफ आजूबाजूला पांढुरकी धूळ होऊन बसते. दमट हवेत जास्तच. चकचकीत डोळ्याला मोतीबिंदू झालेला बघायचा असेल तर वापरा. दुसरी, यूव्ही राळ. यूव्ही म्हणजे अतिनील किरणांच्या दिव्याखाली झटपट कडक होते, म्हणून मोह होतो. पण डोळ्याच्या पाठीला चंदेरी कागद असतो. प्रकाश आत पोचत नाही, आणि कडेची राळ कडक झाली तरी खालची ओलीच राहते. यूव्ही राळ वरच्या थराला चालेल, खालच्या थेंबाला नाही.

[दृश्य: बाजारातला ताजा बांगडा. बोट डोळ्यावरून फिरतं.]

बांगडा साफ करताना कधी डोळ्यावर बोट फिरवलंत? बाहुली थेट हाताला लागत नाही. तिच्या पुढे-मागे काचेसारखी, चरबीची एक झापड असते, आणि ती गालाच्या कातडीत कुठे मिसळते ते कळतही नाही. बोयीलाही असते. शेवटचा इपॉक्सीचा पारदर्शक थर देताना हे डोळ्यासमोर ठेवा. डोळा थराच्या वर नको, खाली हवा. थर गालावरून डोळ्यावर आणि डोळ्यावरून परत गालावर, न तुटता गेला पाहिजे. थर आधी आणि डोळा नंतर, हा घाईचा क्रम. तसा चिकटवलेला डोळा पहिल्या सुरमईच्या दातांनी जातो, किंवा ल्यूअरच्याच लोंबत्या गळाने.

[दृश्य: संथ फिरणारी मोटर. तिला अडकवलेली तीन ल्यूअर.]

फुगीर डोळ्यावर घट्ट इपॉक्सी थांबत नाही, घरंगळून कडेला जमते. म्हणून ल्यूअर फिरत ठेवायचं. गणपतीच्या सजावटीत चक्र फिरवणारी संथ मोटर या कामाला छान लागते. सावकाश वाळणारी इपॉक्सी घ्या. पाच मिनिटांवाली डोळ्याभोवती पसरायच्या आतच घट्ट होते आणि पुढे पिवळी पडते. दोन्ही भाग मोजून घ्या, न फेसाळता ढवळा. बुडबुडे आलेच तर लायटरची ज्योत क्षणभर वरून फिरवा. थांबवू नका, डोळा वितळेल.

आणि वेळ संध्याकाळची निवडा. सकाळी ऊन चढताना लाकूड तापतं, आतली हवा फुगते आणि ओल्या थरातून बुडबुडा होऊन वर येते, बहुधा डोळ्याच्या कडेलाच. संध्याकाळी लाकूड निवत असतं, हवा आत आकसते. पावसाळ्यात आणखी एक त्रास. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट साय धरते. ती आली तर कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण कोरडं करा, बारीक पॉलिश पेपर मारा आणि मगच दुसरा हात द्या. सायीवर दिलेला थर पापुद्र्यासारखा निघतो.

[दृश्य: वजनकाटा. पाण्याची बादली.]

हे सगळं नीट झालं की नाही, ते मासा सांगणार नाही. सोनारी काट्यावर ल्यूअरचं वजन करा, कोरडं. मग दगड बांधून रात्रभर बादलीत बुडवून ठेवा. सकाळी पुसून पुन्हा वजन करा. काटा वर गेला तर कुठेतरी फट आहे. ती शोधायला ल्यूअर गरम पाण्यात धरा. आतली हवा फुगते आणि फटीतून मण्यांसारखी ओळ लागते. पहिली नजर डोळ्याच्या मागच्या कडेवर ठेवा.

फट सापडली की लगेच इपॉक्सी भरायचा मोह आवरा. आत अडकलेलं पाणी लाकूड कुजवत राहील. डोळा सुरीच्या टोकाने उपटून काढा, खळगा उघडा ठेवा, काटा पहिल्या वजनावर येईपर्यंत सावलीत वाळवा. मग सीलर, थेंब, डोळा, थर, सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि नवा डोळा जुन्याच्या जोडीचा मिळाला नाही, तर खुशाल वेगळ्या रंगाचा लावा. विकत घेणारा नाक मुरडेल, पण हे ल्यूअर आता विकायचं नाहीच आहे.